हवा येते कुठून, जाते कुठे?

तुमचा गेमिंग पीसी उरणमध्ये असेल, तर मे महिन्यात 'अजून एक फॅन लावू का?' हा प्रश्न पडतोच. उत्तरासाठी थोडं मागे जाऊ.

१९६० साली समुद्रापलीकडे कुलाब्यात टीआयएफआरचा 'टिफ्रॅक' संगणक सुरू झाला. त्यात सुमारे २,७०० व्हॅक्यूम ट्यूब होत्या, आणि प्रत्येकीत तापलेली तार! त्या पिढीच्या मोठ्या यंत्रांसाठी अख्खी खोलीच थंड ठेवत. १९८१ मध्ये आयबीएमचा पीसी टेबलावर आला आणि मिळेल त्या हवेवर भागवायची वेळ डब्यावर आली. पंखा एकच, तोही पॉवर सप्लायमधला.

१९९५ मध्ये इंटेलने एटीएक्स रचना आणली. तिच्या सुरुवातीच्या आराखड्यात सप्लायचा पंखा हवा आत, प्रोसेसरकडे ढकलायचा. पण ती हवा सप्लायमधूनच तापून यायची! पुढे दिशा उलटली. पंखा हवा बाहेर फेकू लागला. २००४ ची बीटीएक्स रचना खास पुढून मागे सरळ झोतासाठी होती. ती बाजारात टिकली नाही, पण मुद्दा टिकला: पंखे किती यापेक्षा हवेची वाट मोकळी आहे का, हे महत्त्वाचं.

पंखा केसला खोलीपेक्षा थंड करू शकत नाही. म्हणून आधी केस भिंतीपासून सरकवा. पुढे जाळीचे दोन पंखे आत, मागे एक बाहेर. आत येणारी हवा थोडी जास्त असली की फटींतून धूळ कमी शिरते. उरणच्या खाऱ्या, दमट हवेत धूळ चिकटून बसते, तेव्हा जाळी वरचेवर धुवा. नवा फॅन त्यानंतर बघू.