कामगाराचा शब्द

पालघर जिल्ह्यांतील बोईसर-तारापूरच्या रासायनिक कारखान्यांत धोक्याची पहिली चाहूल यंत्रापाशीं उभ्या असलेल्या कामगाराला लागते. परंतु कामगाराच्या शब्दाला वजन येण्यास एक शतक जावें लागलें. १८८४ सालीं नारायण मेघाजी लोखंडे यांनीं मुंबईच्या सुमारें ५,५०० गिरणी-कामगारांच्या सह्यांचा अर्ज कारखाना-कमिशनपुढें ठेविला. त्यांतील रविवारच्या सुटीची मागणी गिरणीमालकांनीं मान्य केली ती १८९० मध्यें! पुढें १९८४ च्या भोपाळ वायुदुर्घटनेनंतर, १९८७ सालीं कारखाने-कायद्यांत दुरुस्ती झाली. घातक प्रक्रियांच्या कारखान्यांत कामगारांनीं जीवावरचें संकट दाखवितांच मालकानें तत्काळ उपाय योजावा, संकट पटत नसेल तर निर्णय निरीक्षकाकडे सोंपवावा, असें तींत ठरलें. कामगार सांगत होताच. मालकाला मात्र उत्तर देण्यास कायद्यानें बांधावें लागलें.