बांधकाम प्रकल्प व्यवस्थापन : महाड-पोलादपूर

बांधकाम प्रकल्प व्यवस्थापन : जागेच्या निवडीपासून वास्तू ताब्यात देईपर्यंत आणि पुढे तिची निगा राखण्यापर्यंतच्या कामांची आखणी, क्रम, खर्च व जबाबदारी सांभाळण्याची पद्धत. रायगड जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला सह्याद्रीच्या पायथ्याशी असलेल्या महाड व पोलादपूर तालुक्यांत या पद्धतीच्या प्रत्येक टप्प्याची उदाहरणे सापडतात. काही अभिमानाची, काही फार दुःखाची.

भूमी व हंगाम : महाबळेश्वरला उगम पावणारी सावित्री पोलादपूरवरून महाडला येते, तेथे गांधारी तिला मिळते. घाटमाथ्यावरचा पाऊस काही तासांत खाली उतरतो आणि त्याच वेळी खाडीला भरती असेल, तर पाणी तुंबून गावात शिरते. म्हणून येथील बांधकामाचा हंगाम दसऱ्यापासून मृगापर्यंतच. पाया, जोते आणि मातीकाम मृगाआधी उरकले नाही, तर वर्ष वाया जाते. जागा ठरवतानाच पूररेषा, डोंगराचा उतार आणि ओढ्याची जुनी वाट पाहावी लागते.

पूर्वपरंपरा : छत्रपती शिवाजी महाराजांची राजधानी रायगड महाड तालुक्यातच आहे. १६७४ च्या राज्याभिषेकाआधी गडावरच्या वास्तू उभारण्याचे काम हिरोजी इंदुलकर यांनी पाहिले. जगदीश्वर मंदिरातील शिलालेखात राजवाड्यांबरोबरच विहिरी, तळी, बागा आणि गजशाळा यांचीही नोंद आहे. पाण्याची सोय ही इमारतीइतकीच मुख्य, हा विचार त्या नोंदीत दिसतो. गडावर दगड काढायचा आणि त्याच खोदकामात तळे करायचे, ही डोंगरी किल्ल्यांची रूढ रीत होती. एका खोदाईत दोन कामे होत.

टप्पे : सरकारी कामाला आधी प्रशासकीय मान्यता, मग आराखडा व अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता, निविदा आणि कार्यारंभ आदेश, असा क्रम असतो. झालेले काम मोजमाप पुस्तिकेत नोंदवून देयक निघते. खाजगी इमारतीला स्थानिक संस्थेची बांधकाम परवानगी, जोते तपासणी आणि शेवटी भोगवटा प्रमाणपत्र लागते. काँक्रीटचे ठोकळे साधारणपणे सातव्या व अठ्ठाविसाव्या दिवशी दाबून तपासतात. स्लॅबवर पुरेसे दिवस पाणी मारावे लागते. काम सोपवल्यावर दोषदायित्वाचा काळ सुरू होतो. स्थावर संपदा कायद्यानुसार, ताबा दिल्यापासून पाच वर्षांत आढळलेला संरचनेचा दोष विकासकाने विनामोबदला दूर करायचा असतो.

सावित्री पूल : मुंबई-गोवा महामार्गावरील महाडजवळचा १९२८ सालचा दगडी कमानींचा पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री पुरात कोसळला. दोन एसटी गाड्या आणि एक मोटार वाहून गेली. सुमारे ४० जणांचा बळी गेला. नव्या पुलाचे काम १६५ दिवसांत पुरे होऊन ५ जून २०१७ रोजी, मृग तोंडावर असताना, तो वाहतुकीला खुला झाला. एवढी गती शक्य झाली, कारण मार्ग ठरलेला होता, निधी व निर्णय अडले नाहीत आणि बहुतेक काम कोरड्या महिन्यांत बसवता आले.

तारिक गार्डन : महाड शहरातील ही पाच मजली इमारत २४ ऑगस्ट २०२० रोजी कोसळून १६ रहिवासी मृत्युमुखी पडले. इमारत जुनी नव्हती; जेमतेम दहा वर्षांच्या आतबाहेरची होती. गुन्हा नोंदला गेला, त्यात बांधकाम व्यावसायिकाबरोबर वास्तुविशारद, आरसीसी सल्लागार आणि नगरपरिषदेच्या अधिकाऱ्यांचीही नावे होती. एका इमारतीच्या सुरक्षिततेची जबाबदारी किती सह्यांमध्ये वाटलेली असते, हे यावरून कळते. त्यांतील प्रत्येक सही प्रत्यक्ष पाहणीनंतरच व्हायला हवी.

तळीये : २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातील तळीये येथे दरड कोसळून ८० हून अधिक माणसे दगावली. त्याच पावसात पोलादपूर तालुक्यातील केवनाळे व साखर सुतारवाडी येथेही दरडींनी बळी घेतले. तळीयेच्या नव्या घरांचे काम म्हाडाकडे आले; सांगाडा व भिंतींचे भाग कारखान्यात तयार करण्याची पद्धत निवडली गेली. तरीही कुटुंबांना दीर्घकाळ कंटेनरमध्ये राहावे लागले. घराचे भाग लवकर जोडता येतात. सुरक्षित जागा, तिचे सपाटीकरण, रस्ता, पाणी, वीज यांना वेळ लागतो. पुनर्वसनाच्या वेळापत्रकात ही कामे घरांच्या आधी मांडावी लागतात आणि गावकऱ्यांना प्रत्येक टप्प्याची तारीख सांगावी लागते.

देखभाल : उद्‌घाटनाने प्रकल्प संपत नाही. पोलादपूर आणि खेड यांच्यामधील कशेडी घाटाला पर्याय म्हणून खोदलेल्या बोगद्यांत दिवे, हवा खेळती ठेवणारी यंत्रणा आणि झिरपणाऱ्या पाण्याचा निचरा कायम सांभाळावा लागतो. पुलाचे खांब वरून धडधाकट दिसले, तरी प्रवाह पायाखालची माती ओढून नेत असतो. त्यामुळे पाण्याखालची पाहणीही आवश्यक ठरते. इमारतीत मृगाआधी गच्चीचा उतार, पन्हाळी, गटारे, खांबांवरच्या भेगा आणि संरक्षक भिंतीतील पाणी जाण्याची छिद्रे तपासावीत. काय पाहिले, काय दुरुस्त केले आणि काय राहिले, हे तारखेसह वहीत लिहून ठेवावे. पुढच्या वर्षी तीच भेग वाढली की तेवढीच राहिली, हे सांगणारा पुरावा ती वहीच असते.