पटकथेचे पान आणि लेखकांची खोली

साहित्याचे अभ्यासक पटकथेकडे सहसा संशयाने पाहतात. नाटकाची संहिता प्रयोगाविनाही वाचली जाते, तिला ग्रंथालयात जागा असते. पटकथा म्हणजे मात्र चित्रपट पूर्ण होताच निरुपयोगी ठरणारा कागद, असा आपला समज असतो. दूरचित्रवाणी मालिकेच्या बाबतीत हा संशय आणखी बळावतो, कारण तेथे लेखक एक नसतो. परंतु अमेरिकेतील पटकथेच्या पानाची घडण नीट पाहिली, तर त्यावरील समास, ओळींमधील अंतर आणि दोन नावांमधले एखादे चिन्ह यांतही लेखकाच्या अधिकाराचा व श्रमाचा इतिहास साठलेला दिसतो.

मूकपटांच्या आरंभकाळात कथेचे चार-दोन ओळींचे टिपण चित्रीकरणास पुरे होत असे. चित्रपटांची लांबी व खर्च वाढला तसे हे टिपण अपुरे पडू लागले. 1910 च्या दशकात निर्माते थॉमस इन्स यांच्या नावाशी जोडली जाणारी सविस्तर संहिता पुढे आली. तीत प्रत्येक शॉटला क्रमांक, स्थळाचा उल्लेख आणि कृतीचे वर्णन असे. अशा संहितेमुळे एका स्थळावरची सगळी दृश्ये, कथेतील क्रम बाजूला ठेवून, सलग चित्रित करता येत. लेखकाचा कागद हा अशा रीतीने कारखान्याचा आराखडा बनला. पुढे बोलपट आले, संवादांना महत्त्व आले. 1948 साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर मोठ्या स्टुडिओंना आपल्या मालकीची चित्रपटगृहे सोडावी लागली आणि ती जुनी व्यवस्था हळूहळू सैल झाली. त्यानंतरच्या काळात शॉटवार संहितेऐवजी दृश्यवार संहिता रूढ होत गेली. कॅमेरा कोठे ठेवायचा हे दिग्दर्शकाने ठरवावे, लेखकाने दृश्य उभे करावे, अशी ही वाटणी होती.

आज प्रमाण मानले जाणारे पान हे टंकलेखन यंत्राचे अपत्य आहे. ‘कुरियर’ हा अक्षरठसा 1950 च्या दशकात आयबीएमच्या यंत्रांसाठी तयार झाला. त्यात प्रत्येक अक्षराची रुंदी सारखी असते. बारा पॉइंटचा ठसा, छिद्रे पाडून बांधणीसाठी डावीकडे दीड इंचाचा समास, मधोमध अरुंद स्तंभात संवाद आणि दृश्याच्या माथ्यावर आत की बाहेर, कोणते स्थळ, दिवस की रात्र याची नोंद, असे त्याचे रूप. ते पाळले की एक पान म्हणजे पडद्यावरचे सुमारे एक मिनिट, हा ढोबळ हिशेब जमतो. संगणक आल्यावरही हा ठसा टिकला, कारण त्या हिशेबावर वेळापत्रक आणि अंदाजपत्रक उभे असते. चित्रीकरण सुरू झाल्यावर बदललेली पाने निळ्या, गुलाबी, पिवळ्या, हिरव्या अशा रंगांच्या कागदांवर वाटली जातात. जुन्या पोथ्यांचे पाठभेद जुळवणाऱ्यांना ही पद्धत ओळखीची वाटावी. फरक इतकाच, की येथे प्रत्येक पाठाला रंग आणि तारीख असते.

दूरचित्रवाणीने या पानात आणखी फेरफार केले. ‘आय लव्ह लुसी’ ही मालिका 1951 पासून प्रेक्षकांसमोर, एकाच वेळी अनेक कॅमेरे लावून चित्रित होऊ लागली. या प्रकारच्या विनोदी मालिकांच्या संहितेत संवादांच्या ओळी दुप्पट अंतराने टंकलेल्या असतात आणि कृतीची वर्णने मोठ्या लिपीत असतात. तालमींच्या आठवडाभरात विनोद पडतो की नाही हे पाहून वाक्ये बदलत राहतात. ओळींमधली मोकळी जागा त्या बदलांच्या कामी येते.

ही वाक्ये बदलणारी मंडळी एका खोलीत बसत. ‘युअर शो ऑफ शोज’ हा दीड तासाचा थेट प्रक्षेपित कार्यक्रम 1950 ते 1954 या काळात चालला. मेल टॉल्किन, ल्युसिल कॅलन, मेल ब्रुक्स, नील सायमन यांच्यासारखे लेखक तेथे एकमेकांवर ओरडत, एकमेकांची वाक्ये खोडत लिहीत. त्या अनुभवातून कार्ल रायनर यांनी 1961 साली ‘द डिक व्हॅन डाइक शो’ निर्माण केला, तर सायमन यांनी 1993 साली एक नाटक रंगमंचावर आणले. खोलीतल्या या आठवणी रम्य आहेत. परंतु त्या गोंगाटात आपले वाक्य ऐकवणे कोणाला सोपे आणि कोणाला अवघड होते, हा प्रश्न त्या रम्यतेत झाकला जातो. ‘फ्रेंड्स’ मालिकेच्या खोलीत टिपणे घेणाऱ्या एका साहाय्यक स्त्रीने तेथील अश्लील बोलण्याविरुद्ध दाद मागितली, तेव्हा 2006 साली कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने सर्जनशील कामाचा संदर्भ लक्षात घेऊन तिच्या विरोधात निकाल दिला. खोलीचे स्वातंत्र्य आणि खोलीतल्या माणसाची प्रतिष्ठा यांतला ताण त्या निकालाने मिटला नाही.

सामूहिक लेखनातून श्रेयाचा प्रश्न उभा राहतोच. एकेकाळी श्रेय कोणाला द्यायचे हे स्टुडिओ ठरवीत. 1940 च्या दशकापासून तो अधिकार लेखकसंघाकडे आला. संघाच्या नियमानुसार दोन नावांमध्ये अँपरसँडचे चिन्ह असेल तर त्यांनी जोडीने लिहिले असे समजायचे. पूर्ण शब्दात ‘अँड’ असेल तर त्यांनी स्वतंत्रपणे, बहुधा एकामागून एक, त्या संहितेवर काम केले असे समजायचे. मराठीत दोन्ही ठिकाणी आपण ‘आणि’च लिहू, तेथे मात्र त्या चिन्हावर मानधनाची वाटणी अवलंबून असते. तरीही एखाद्या भागावर ज्याचे नाव येते, त्याचीच सगळी वाक्ये असतील असे नाही. खोलीने ती पुन्हा लिहिलेली असतात.

2023 साली लेखकसंघाचा संप 148 दिवस चालला. लेखकांची खोली आकसत चालली आहे आणि यंत्राने लिहिलेला मजकूर लेखकाची जागा घेईल, ही भीती त्यामागच्या कारणांपैकी होती. मालिकांसाठी किमान लेखकसंख्येची तरतूद करारात आली, आणि यंत्रनिर्मित मजकुराला लेखकाचे श्रेय मिळणार नाही हेही ठरले. लेखक म्हणजे कोण, हा आपल्या वर्गांत सैद्धान्तिक मानला जाणारा प्रश्न तेथे फलक घेऊन रस्त्यावर उभा होता.

अनेकांच्या मुखातून आलेला ग्रंथ आपल्याला परका नाही. म्हाइंभटांनी चक्रधरस्वामींच्या आठवणी ज्यांच्या-त्यांच्याकडून गोळा करून ‘लीळाचरित्र’ सिद्ध केले, आणि कोणती लीळा कोणी सांगितली याला तेथे मोल होते. मालिकेची संहिता तितकी थोर असेल असा दावा येथे नाही. ती वाचताना मात्र एकट्या प्रतिभावंताचा शोध थांबवून, कोणते वाक्य कोणाच्या कष्टातून आले असेल हे विचारण्याची सवय आपण लावून घ्यायला हवी.