आंतरराष्ट्रीय डेबिट कार्ड

परदेशात खरेदी करण्यासाठी व एटीएममधून तेथील चलन काढण्यासाठी वापरता येणाऱ्या, बँक खात्याशी थेट जोडलेल्या कार्डाला आंतरराष्ट्रीय डेबिट कार्ड असे म्हणतात. व्यवहार परकीय चलनात होतो. मात्र रक्कम खातेदाराच्या मायदेशातील खात्यातून, त्या देशाच्या चलनात वजा होते. या रूपांतराच्या वेळी लावला जाणारा विनिमय दर व त्यावरील अधिभार हा कार्डाच्या खर्चाचा सर्वांत मोठा भाग असतो. तो स्वतंत्र शुल्क म्हणून पावतीवर छापला जात नसल्याने अनेकदा प्रवाशाच्या लक्षात येत नाही. भारतातून प्रवास करणाऱ्यांच्या बाबतीत या कार्डाचा वापर परकीय चलन व्यवस्थापन कायदा, १९९९ (फेमा) व भारतीय रिझर्व्ह बँकेचे नियम यांच्या अधीन असतो.

पार्श्वभूमी

विसाव्या शतकाच्या मोठ्या भागात परदेशी जाणारे प्रवासी रोख चलन व प्रवासी धनादेश बाळगत. अमेरिकन एक्सप्रेस या कंपनीने १८९१ मध्ये प्रवासी धनादेश प्रचारात आणले. धनादेश हरवल्यास तो बदलून मिळत असे; मात्र तो वटवण्यासाठी बँकेच्या कामकाजाच्या वेळा पाळाव्या लागत. बार्कलेज बँकेने २७ जून १९६७ रोजी लंडनमधील एनफील्ड येथे रोख रक्कम देणारे यंत्र बसवले. पुढील दशकांत निरनिराळ्या देशांतील अशी यंत्रे व्हिसा व मास्टरकार्ड यांच्या जाळ्यांनी परस्परांशी जोडली गेली. त्यामुळे एका देशातील खात्यातील पैसे दुसऱ्या देशातील यंत्रातून काढणे शक्य झाले आणि प्रवासी धनादेशांचा वापर ओसरला.

भारतात परकीय चलन नियमन कायदा, १९७३ (फेरा) लागू असताना परकीय चलन मिळवण्यावर कडक निर्बंध होते. १ जून २००० पासून त्याची जागा फेमाने घेतली. फेब्रुवारी २००४ मध्ये रिझर्व्ह बँकेने उदारीकृत प्रेषण योजना सुरू केली. प्रारंभी तिची मर्यादा प्रतिव्यक्ती २५,००० अमेरिकी डॉलर होती. २०१५ पासून ती एका आर्थिक वर्षात २,५०,००० डॉलर आहे. नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशन ऑफ इंडियाने २०१२ मध्ये रुपे हे भारतीय कार्डजाळे सुरू केले. डिस्कव्हर व जेसीबी यांसारख्या परदेशी जाळ्यांशी झालेल्या करारांमुळे काही प्रकारची रुपे कार्डे भारताबाहेरही चालतात.

व्यवहाराची कार्यपद्धती

परदेशातील दुकानात कार्ड वापरल्यावर व्यवहारात सामान्यतः चार घटक येतात: दुकानदार, दुकानदाराची बँक, कार्डजाळे व कार्ड देणारी बँक. दुकानदाराची बँक रकमेची मागणी कार्डजाळ्याकडे पाठवते. कार्डजाळे ती कार्ड देणाऱ्या बँकेकडे नेते आणि त्या बँकेने खात्यातील शिल्लक तपासून मंजुरी दिल्यावर व्यवहार पूर्ण होतो.

चलनाचे रूपांतर कार्डजाळ्याच्या दराने होते. हा दर रोज ठरतो, कार्डजाळ्यांच्या संकेतस्थळांवर पाहता येतो आणि सामान्यतः बँका परस्परांत वापरत असलेल्या घाऊक दराच्या जवळ असतो. त्यावर कार्ड देणारी बँक स्वतःचा अधिभार लावते. मंजुरी व प्रत्यक्ष वसुली यांत काही दिवसांचे अंतर पडू शकते. त्यामुळे आधी संदेशात दिसलेली रक्कम व खात्यातून अखेर वजा झालेली रक्कम यांत थोडा फरक आढळतो. वस्तू परत केल्यास परतावाही त्या वेळच्या दराने मिळतो. म्हणून पूर्ण परतावा मिळूनही खात्यात मूळ रकमेपेक्षा कमी रुपये जमा होऊ शकतात.

खर्चाचे घटक

विनिमय अधिभार: भारतातील अनेक बँका परकीय चलनातील डेबिट कार्ड व्यवहारावर सुमारे २ ते ३.५ टक्के अधिभार आकारतात. या अधिभारावर १८ टक्के वस्तू व सेवा कर लागतो. उदाहरणार्थ, एका युरोचा दर १०० रुपये मानल्यास २०० युरोंच्या खरेदीचे मूल्य २०,००० रुपये होते. त्यावर ३.५ टक्के अधिभार ७०० रुपये व त्यावरील कर १२६ रुपये, असा एकूण ८२६ रुपयांचा म्हणजे ४.१३ टक्के जादा खर्च येतो. काही बँका विशिष्ट खात्यांच्या कार्डांवर हा अधिभार आकारत नाहीत. अशा कार्डांना ‘शून्य अधिभार’ किंवा ‘झीरो मार्कअप’ कार्डे म्हटले जाते. त्यांसाठी किमान शिल्लक, वार्षिक शुल्क किंवा विशिष्ट प्रकारचे खाते यांची अट असू शकते.

रोख काढण्याचे शुल्क: परदेशातील एटीएममधून पैसे काढताना कार्ड देणारी बँक बहुधा प्रत्येक वेळी ठरावीक शुल्क घेते. याखेरीज यंत्र चालवणारी परदेशी बँक आपले वेगळे शुल्क आकारू शकते. थायलंडमध्ये परदेशी कार्डांवर एका वेळेस दोनशे बाहतांहून अधिक शुल्क घेतले जाते. ठरावीक शुल्क रकमेवर अवलंबून नसल्याने लहान रकमा वारंवार काढणे महाग पडते. बँकेचे शुल्क १५० रुपये व अधिभार ३.५ टक्के मानल्यास करासह २,००० रुपये काढण्याचा खर्च सुमारे २६० रुपये, म्हणजे १३ टक्के होतो. २०,००० रुपये एकदम काढल्यास तो १,००३ रुपये, म्हणजे सुमारे ५ टक्के होतो. मात्र मोठी रोकड जवळ बाळगण्याची जोखीम त्याबरोबर येते.

डायनॅमिक करन्सी कन्व्हर्जन: परदेशातील दुकानात, हॉटेलात किंवा एटीएमवर कधीकधी बिल स्थानिक चलनात द्यावे की प्रवाशाच्या मायदेशातील चलनात, असा पर्याय विचारला जातो. रुपयांचा पर्याय निवडल्यास रूपांतर कार्डजाळ्याच्या दराने न होता दुकानदाराच्या किंवा एटीएमच्या बाजूने ठरवलेल्या दराने होते. हा दर बहुधा प्रतिकूल असतो. रक्कम लगेच रुपयांत दिसत असल्याने हा पर्याय सोयीचा वाटतो. मात्र काही भारतीय बँका अशा रुपयांतील परदेशी व्यवहारांवरही शुल्क घेतात. त्यामुळे शून्य अधिभार कार्डाचा लाभही या पर्यायाने नाहीसा होऊ शकतो. युरोपीय संघात २०१९च्या एका नियमावलीनुसार असा पर्याय देणाऱ्यांनी आपला अधिभार युरोपीय मध्यवर्ती बँकेच्या संदर्भदराच्या तुलनेत टक्केवारीत दाखवणे एप्रिल २०२० पासून बंधनकारक आहे.

भारतातील नियम

वापराची मुभा: रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२० मध्ये काढलेल्या व त्याच वर्षी १ ऑक्टोबरपासून पूर्णपणे अमलात आलेल्या सूचनांनुसार नवे किंवा बदलून दिलेले कार्ड सुरुवातीला केवळ भारतातील एटीएम व दुकानांतील यंत्रांवर चालते. परदेशातील, ऑनलाइन व स्पर्शविरहित वापर खातेदाराने स्वतः सुरू करावा लागतो. त्यासाठी बँकेचे मोबाइल ॲप, नेट बँकिंग, एटीएम इत्यादी माध्यमांतून सोय दिली जाते. प्रत्येक प्रकारच्या वापराची कमाल रक्कमही खातेदाराला ठरवता येते. कार्डावर व्हिसा किंवा मास्टरकार्डचे चिन्ह असूनही ते परदेशात नाकारले जाण्याचे एक सामान्य कारण म्हणजे ही मुभा सुरू केलेली नसणे.

मर्यादा व कर: निवासी भारतीयाने डेबिट कार्डाने परदेशात केलेला खर्च उदारीकृत प्रेषण योजनेच्या वार्षिक मर्यादेत मोजला जातो. परदेशात असताना क्रेडिट कार्डाने केलेला खर्चही या मर्यादेत आणण्याची तरतूद मे २०२३ मध्ये करण्यात आली होती. मात्र त्याच वर्षी जूनच्या अखेरीस अर्थ मंत्रालयाने ती पुढे ढकलली. योजनेखालील प्रेषणांवर उगमस्थानी कर संकलन होते. त्यासाठीची सूट मर्यादा १ एप्रिल २०२५ पासून एका आर्थिक वर्षात ७ लाखांवरून १० लाख रुपये झाली. २०२५-२६ या आर्थिक वर्षात या मर्यादेपलीकडील वैयक्तिक प्रवासखर्चावर संकलनाचा दर २० टक्के होता. संकलित झालेली रक्कम प्राप्तिकराच्या विवरणपत्रात समायोजित करता येते. लॉटरीची तिकिटे, बंदी असलेली नियतकालिके इत्यादींसाठी परकीय चलन वापरण्यास मनाई आहे.

विद्यार्थी: शिक्षणासाठी परदेशी गेलेल्या विद्यार्थ्यांना रिझर्व्ह बँक २००३च्या परिपत्रकानुसार अनिवासी मानते. त्यामुळे त्यांचे भारतातील साधे बचत खाते अनिवासी सामान्य खात्यात बदलून घेणे अपेक्षित असते. स्थानिक बँकेत खाते उघडेपर्यंतच्या काळात घरभाडे, अनामत व किरकोळ खर्च भारतातून आणलेल्या कार्डावर अवलंबून असतात. म्हणून अल्प मुदतीच्या पर्यटकापेक्षा विद्यार्थ्याच्या दृष्टीने अधिभाराचा दर अधिक महत्त्वाचा ठरतो.

अन्य साधनांशी तुलना

फॉरेक्स कार्ड हे आगाऊ पैसे भरलेले कार्ड असून त्यात एक किंवा अनेक परकीय चलने ठेवता येतात. चलनाचा दर पैसे भरतानाच निश्चित होतो. त्यामुळे प्रवासादरम्यान रुपया घसरला तरी त्याचा परिणाम होत नाही. भरलेल्या चलनात खर्च केल्यास विनिमय अधिभार लागत नाही, परंतु भरतेवेळी दिलेल्या दरात बँकेचा नफा समाविष्ट असतो. कार्डात नसलेल्या चलनात खर्च केल्यास वेगळे शुल्क लागते आणि उरलेली रक्कम परत रुपयांत घेताना पुन्हा कमी दर मिळतो. ही कार्डे सामान्यतः भारत, नेपाळ व भूतान येथे चालत नाहीत. मुख्य खात्याशी थेट जोडलेले नसल्याने असे कार्ड चोरीला गेल्यास धोक्यात येणारी रक्कम कार्डातील शिलकीपुरती मर्यादित राहते.

क्रेडिट कार्डाने केलेल्या खरेदीत वाद उद्भवल्यास प्रवाशाचे स्वतःचे पैसे तत्काळ अडकत नाहीत. मात्र त्यावरून रोख काढल्यास शुल्काबरोबर त्या दिवसापासून व्याजही लागू होते. हॉटेले व मोटारी भाड्याने देणाऱ्या कंपन्या अनामत म्हणून काही रक्कम राखून ठेवतात. क्रेडिट कार्डात त्यामुळे केवळ पतमर्यादा कमी होते, तर डेबिट कार्डात खात्यातील प्रत्यक्ष पैसे काही दिवस वापरता येत नाहीत. या कारणास्तव मोटार भाड्याने देणाऱ्या अनेक कंपन्या डेबिट कार्ड स्वीकारत नाहीत किंवा अधिक अनामत मागतात.

रोख चलन बहुतेक देशांच्या प्रवासासाठी प्रत्येक वेळी ३,००० अमेरिकी डॉलरपर्यंतच्या मूल्याच्या नोटांच्या स्वरूपात नेता येते. उरलेली रक्कम कार्ड किंवा अन्य साधनांद्वारे न्यावी लागते. परतल्यानंतर २,००० डॉलरपर्यंतचे परकीय चलन जवळ ठेवता येते; त्याहून अधिक असल्यास ते १८० दिवसांच्या आत परत करावे लागते.

स्वीकारार्हता

कार्ड स्वीकारण्याच्या पद्धती देशागणिक बदलतात. लंडनमधील बसगाड्यांत जुलै २०१४ पासून रोख भाडे घेतले जात नाही आणि स्पर्शविरहित बँक कार्डाने भाडे देता येते. याउलट जर्मनीतील काही लहान दुकाने केवळ रोख रक्कम किंवा तेथील गिरोकार्ड स्वीकारतात. जपानमध्ये सर्व एटीएम परदेशी कार्डे घेत नाहीत. मात्र सेव्हन-इलेव्हन दुकानांतील सेव्हन बँकेची यंत्रे ती घेतात. रशियात व्हिसा व मास्टरकार्ड यांनी मार्च २०२२ मध्ये सेवा स्थगित केल्यापासून इतर देशांत दिलेली त्यांची कार्डे चालत नाहीत. इराणमध्येही ही दोन्ही जाळी उपलब्ध नाहीत. अशा देशांत जाणाऱ्या प्रवाशांना मुख्यतः रोख चलनावर विसंबावे लागते. भूतान, श्रीलंका, मॉरिशस इत्यादी देशांतील काही ठिकाणी भारतीय यूपीआयद्वारेही पैसे देता येतात.

सुरक्षितता व तक्रार निवारण

भारतातील ऑनलाइन व्यवहारांत कार्डाच्या तपशिलाबरोबर एकवेळचा पासवर्ड किंवा तत्सम दुसरा पुरावा मागितला जातो. परदेशी संकेतस्थळांवरील अनेक व्यवहार मात्र केवळ कार्ड क्रमांक व सुरक्षा संकेतांकावर पूर्ण होऊ शकतात. त्यामुळे परदेशात कार्डाचा तपशील चोरीला गेल्यास गैरवापराची शक्यता वाढते. डेबिट कार्डाच्या बाबतीत हा गैरवापर थेट बचतीवर होतो. परदेशात स्थानिक सिम कार्ड घेतल्यावर भारतीय क्रमांक बंद राहिल्यास बँकेचे सूचना संदेश व पासवर्डही पोहोचत नाहीत. परिणामी गैरव्यवहार उशिरा लक्षात येतो.

रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७च्या परिपत्रकानुसार बँकेच्या चुकीमुळे झालेल्या अनधिकृत व्यवहाराची जबाबदारी ग्राहकावर नसते. दोष बँकेचा किंवा ग्राहकाचा नसून अन्यत्र असल्यास, बँकेची सूचना मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत तक्रार करणाऱ्या ग्राहकाची जबाबदारी शून्य असते. चार ते सात दिवसांत तक्रार केल्यास सर्वसाधारण बचत खात्यासाठी ती कमाल १०,००० रुपये असते. त्यानंतर बँकेच्या धोरणानुसार निर्णय होतो. ग्राहकाने स्वतः पिन किंवा पासवर्ड उघड केल्यास तक्रार नोंदवेपर्यंतचे नुकसान त्यालाच सोसावे लागते.

एटीएममधून पैसे न मिळता खात्यातून रक्कम वजा झाल्यास, भारतात ठरावीक मुदतीनंतर दररोज १०० रुपये भरपाई देण्याची तरतूद रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१९ मध्ये केली. ही तरतूद केवळ देशांतर्गत व्यवहारांना लागू आहे. परदेशातील एटीएमबाबत अशी घटना घडल्यास तक्रार कार्ड देणाऱ्या बँकेकडेच करावी लागते आणि तिचा निपटारा कार्डजाळ्याच्या नियमांनुसार होतो. अशा वेळी यंत्राचा पत्ता, तारीख, वेळ व पावती हे पुरावे उपयोगी पडतात.

निवडीचे निकष

कार्डांची तुलना करताना वार्षिक शुल्कापेक्षा एकूण खर्च पाहणे आवश्यक ठरते. त्यात विनिमय अधिभार, रोख काढण्याचे शुल्क व त्यांवरील कर यांचा समावेश होतो. मुख्यतः दुकानांत खर्च करणाऱ्या प्रवाशाला अधिभाराचा दर महत्त्वाचा असतो, तर रोखीवर चालणाऱ्या देशात जाणाऱ्याला एटीएम शुल्क व दैनंदिन मर्यादा अधिक महत्त्वाची ठरते. त्याखेरीज संबंधित देशात कार्डजाळे उपलब्ध असणे, ॲपवरून कार्ड तत्काळ बंद करता येणे व परदेशातून बँकेशी संपर्क साधता येणे हेही विचारात घेतले जाते. एकच कार्ड हरवल्यास, यंत्रात अडकल्यास किंवा बँकेने संशयावरून थांबवल्यास परदेशात पैसे मिळण्याचा मार्ग बंद होतो. म्हणून वेगळ्या खात्याशी व शक्यतो वेगळ्या कार्डजाळ्याशी जोडलेले दुसरे कार्ड निराळ्या ठिकाणी ठेवण्याची आणि प्रवासासाठी स्वतंत्र खात्यात मर्यादित रक्कम बाळगण्याची पद्धत प्रचलित आहे.

हे देखील पाहा

डेबिट कार्ड
क्रेडिट कार्ड
परकीय चलन व्यवस्थापन कायदा, १९९९
भारतीय रिझर्व्ह बँक
रुपे
विनिमय दर