घरीं शिकणाऱ्या मुलांस अमेरिकेचा इतिहास

काळेवाडीस पवनेच्या कांठीं आमचें बिऱ्हाड आहे. नदीपलीकडे पिंपरी, पश्चिमेस हिंजवडीच्या संगणक-कचेऱ्या. त्यामुळें शेजारीं कोण केव्हां राहावयास येईल व कोण केव्हां परदेशीं निघून जाईल याचा नेम नसतो. अशाच एका शेजारी गृहस्थांनीं आपल्या दोन मुलांस, दहा वर्षांच्या मुलीस व आठ वर्षांच्या मुलास, शाळेंत न घालतां घरींच शिकविण्याचें मनावर घेतलें आहे. नोकरीनिमित्त अमेरिकेस जाण्याचा योग येण्यासारखा असल्यानें त्यांनीं एके दिवशीं आम्हांस विचारिलें, “सर, मुलांना त्या देशाच्या इतिहासाची गोडी लागेल अशीं पुस्तकें कोणतीं घ्यावींत?” कॉलेजांत इतिहास शिकविण्यांत आमचें निम्मे आयुष्य गेलेलें; तेव्हां आम्हीं मोठ्या ऐटींत तेथल्या तेथेंच पहिला पाठ दिला. तो अर्थातच वॉशिंग्टनच्या कुऱ्हाडीचा! बाळ जॉर्जनें बापाचें आवडतें चेरीचें झाड तोडलें व विचारतांच खरें सांगून टाकलें, ही कथा आम्हीं रंगवून सांगितली. मुलगी क्षणभर गप्प बसली आणि म्हणाली, “काका, हे कोणी पाहिलं होतं?”

वाचकहो, या प्रश्नास आमच्यापाशीं प्रामाणिक उत्तर एकच होतें, आणि तें आम्हांस आधींपासून ठाऊक होतें. वॉशिंग्टन १७९९ च्या डिसेंबरांत वारला. त्यानंतर मेसन वीम्स नांवाच्या पुस्तकविक्या उपदेशकानें त्याचें चरित्र लिहिलें. त्याच्या १८०६ च्या पांचव्या आवृत्तींत ही कथा प्रथम अवतरली. तिला विश्वसनीय आधार नाहीं. म्हणजे खोटें बोलूं नये हें शिकविण्यासाठीं आम्ही मुलांस एक रचलेली गोष्ट खरी म्हणून सांगत होतों! मुलीला आम्हीं तें सांगून टाकलें. तिचा आमच्यावरील विश्वास त्यामुळें उडाला नाहीं, उलट “मग वीम्सनं ती का लिहिली?” हा तिचा पुढचा प्रश्न आला. मुलांस इतिहास नीरस वाटतो तो सत्यामुळें, आणि गोडी लावावयाची तर थोडें असत्य मिसळलें पाहिजे, हा आम्हां शिक्षकांचा समज किती पोकळ आहे हें त्या दिवशीं आम्हांस कळलें.

तेव्हां पुस्तक निवडण्याची पहिली कसोटी हीच कीं, “हें कोणी पाहिलें?” या प्रश्नास तें तोंड देऊं शकतें काय? या कसोटीस उतरणारीं रंजक पुस्तकें आहेत. जीन फ्रिट्झ या लेखिकेचें पॉल रिव्हिअरवरील छोटें पुस्तक (१९७३) विनोदानें भरलेलें आहे. पण पात्रांच्या तोंडीं आपले शब्द घालावयाचे नाहींत असा या बाईंचा कटाक्ष असे. फ्रेडरिक डग्लस या गुलामीतून निसटलेल्या पुरुषाचें आत्मचरित्र (१८४५) समग्र मुलांच्या हातीं देण्याजोगें नाहीं. पण बाल्टिमोरांत मालकीण त्याला मुळाक्षरें शिकवूं लागली, मालकानें तें बंद केलें, आणि मग रस्त्यावरच्या गोऱ्या मुलांस पाव देऊन त्यानें त्यांच्याकडून वाचन शिकून घेतलें, हा भाग बापानें वाचून दाखवावा. घरीं सुखानें शिकणाऱ्या मुलांस विद्येचें मोल याहून चांगलें कोण सांगणार?

दुसरी कसोटी अशी कीं, एकाच अंगणाकडे दोन खिडक्यांतून पाहतां यावें. लॉरा इंगल्स वाइल्डरबाईंचें १९३५ सालचें माळरानावरील घराचें पुस्तक फार गोड आहे. परंतु तें घर ज्या कॅन्ससच्या भूमीवर उभें राहिलें ती ओसेज लोकांची होती. म्हणून त्याच्या जोडीला लुईस अर्ड्रिकबाईंची ‘द बर्चबार्क हाउस’ ही १९९९ ची कादंबरी ठेवावी. तींत १८४७ सालची एक ओजिब्वे मुलगी आपलें घर, आपलें बेट व आपलीं माणसें यांच्यामध्यें वावरतांना दिसते. दोन्ही कथाच आहेत हेंही मुलांस आधीं सांगावें.

तिसरी कसोटी आमची स्वतःची, आणि ती आम्हांस सर्वांत महत्त्वाची वाटते. परक्या देशाच्या इतिहासाचा धागा आपल्या उंबऱ्यापर्यंत आणून पोंचविला पाहिजे. १८६१ सालीं अमेरिकेंत यादवी युद्ध पेटलें, दक्षिणेकडील बंदरांची नाकेबंदी झाली आणि लँकेशायरच्या गिरण्या कापसासाठीं हिंदुस्थानाकडे वळल्या. खानदेश-वऱ्हाडच्या कापसास सोन्याचा भाव आला. मुंबईंत शेअरांचा बाजार वेडापिसा झाला. १८६५ त युद्ध संपलें, भाव कोसळले आणि कित्येक पेढ्या बुडाल्या. पुढें दख्खनचा शेतकरी उतरलेले भाव, वाढलेला सारा व सावकाराचें कर्ज यांच्या कात्रींत सांपडला, आणि १२ मे १८७५ रोजीं आपल्याच पुणें जिल्ह्यांतील सुपें गांवीं दंगा होऊन कर्जखतांची होळी पेटली. मुलांस नकाशा पसरून साउथ कॅरोलिनापासून सुप्यापर्यंत बोट फिरवूं द्यावें. मग हा इतिहास कोणाचा, असें तीं पुन्हां विचारणार नाहींत.

याच पुण्यांत १८७३ सालीं जोतीराव फुले यांनीं ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला व तो अमेरिकेंतील गुलामांच्या मुक्ततेसाठीं झटलेल्या सज्जनांस अर्पण केला. ज्यांस आपण कधीं पाहिलें नाहीं अशा माणसांचें ऋण पुण्याच्या माणसाला कां वाटावें, या एका प्रश्नावर आठवडाभर बोलतां येईल.

आणि घरच्या शिक्षणाचें काय? १८६५ सालींच, म्हणजे तें युद्ध संपलें त्याच वर्षीं, आनंदीबाई जोशी जन्मल्या. नवऱ्यानें घरीं शिकविलेली ही मुलगी १८८३ सालीं अमेरिकेस गेली व १८८६ त पेनसिल्व्हानियांतील स्त्रियांच्या वैद्यक-महाविद्यालयाची पदवीधर झाली. तो समारंभ पाहावयास पंडिता रमाबाई तेथें हजर होत्या. त्याही आईबापांच्या हाताखालींच संस्कृत शिकलेल्या. अमेरिकेंतील आपल्या वास्तव्यावर रमाबाईंनीं १८८९ सालीं युनायटेड स्टेट्सच्या लोकस्थितीचें मराठी पुस्तक प्रसिद्ध केलें. तेथील स्वातंत्र्याचें त्यांनीं भरभरून कौतुक केलें. पण मूळ रहिवाशांवर व काळ्या लोकांवर झालेल्या अन्यायाकडे डोळेझांक केली नाहीं. पाहुणीनें घर कसें पाहावें याचा हा आमच्या भाषेंतील वस्तुपाठ होय.

आमच्या शेजारी गृहस्थांची खरी भीति वेगळी होती. तिकडील शाळकरी मुलांत आपलीं मुलें अडाणी ठरतील, असें त्यांस वाटत होतें. आम्हीं त्यांस म्हटलें, सालें व अध्यक्षांचीं नांवें तेथें गेल्यावर महिन्याभरांत येतील. तीं न आल्यानें कोणी अडाणी ठरत नाहीं. पण ऐकलेलें सर्व खरें मानण्याची संवय एकदां लागली म्हणजे ती कोणत्याही देशांत सुटत नाहीं.

परवां ती मुलगी आपली वही दाखवावयास आली होती. प्रत्येक पानावर उजवीकडे तिनें एक रकाना आंखला आहे व त्यावर लिहिलें आहे, ‘कोणी पाहिलं?’ सुप्याच्या पानावर तो रकाना कोरा होता. तो कसा भरावा हें विचारण्यासाठींच ती आली होती. आम्हीं त्या दंग्यांच्या सरकारी चौकशीची हकीकत तिला सांगितली, तेव्हां तिनें विचारिलें, “आणि शेतकऱ्यांना कोणी विचारलं?” आमचें पुढील रविवारचें काम आम्हांस मिळालें.