मापाचा न्याय

आधुनिक विज्ञानाने समाज कसा बदलला, हा प्रश्न निघाला म्हणजे आगगाडी, वीज, रेडिओ, अलीकडे मोबाइल, अशी उदाहरणे चटकन तोंडी येतात. ती चूक नाहीत. परंतु एक शोध असा आहे की, तो धूर सोडीत नाही, आवाज करीत नाही, आणि म्हणून त्याची कोणी फारशी दखल घेत नाही. तो पाहावयास प्रयोगशाळेत जाण्याचे कारण नाही. सकाळी गुलटेकडीच्या मार्केट यार्डात जावे. टेंपोतून माल उतरतो, हमाल पोते काट्यावर ठेवतो, तांबडा आकडा क्षणभर लुकलुकून स्थिरावतो, तोलणार तो टिपून घेतो. शेतकरी, आडत्या आणि खरीददार तिघेही तो मान्य करतात. तीन भिन्न हितसंबंधांच्या माणसांनी एकच आकडा मान्य करावा, ही गोष्ट आज आपणास साधी वाटते. ती साधी होण्यास किती काळ लागला, तेच आम्हांस येथे सांगावयाचे आहे.

पूर्वी आपल्याकडे धान्य बहुधा तोलीत नसत, मापीत असत. दोन चिपट्यांचे मापटे, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली, आणि पुढे मण व खंडी. मापारी पहिल्या मापाला ‘एक’ न म्हणता ‘लाभ’ म्हणे. शब्द मोठा गोड. पण लाभ कोणाचा, हे माप भरणाऱ्याच्या हातावर अवलंबून असे. पायलीवर धान्याची शीग चढवून घ्यावयाची आणि देताना हात फिरवून सपाट द्यावयाची, एवढ्याने व्यवहार फिरे. ‘मापात पाप’ ही म्हण कोणा पंडिताने रचलेली नाही. ती अनुभवातून आली आहे.

तथापि जुन्या मापांना सरसकट दोष देणे अन्यायाचे होईल. गावातला शेर गावाला ठाऊक असे. देणारा-घेणारा पिढ्यान्‌पिढ्यांचे ओळखीचे, आणि लबाडी उघडी पडली तर तोंड दाखविण्यास जागा उरत नसे. अडचण आली ती बाजार गावाबाहेर गेल्यावर. सन १८५८ मध्ये खंडाळ्यापासून पुण्यापर्यंत रेल्वे आली, सन १८६३ मध्ये बोरघाटाचा मार्ग खुला झाला, आणि पुण्याचा माल एका दिवसात मुंबईस जाऊ लागला. आता विकणारा व घेणारा एकमेकांचे तोंडही पाहीनात. मुंबईचा जुना मण २८ पौंडांचा, तर बंगाली मण ८२ पौंडांहून अधिक! नाव एक आणि वजन तिपटीच्या घरात. आगगाडीने अंतर तोडले, पण विश्वासाची जी जुनी सोय होती तीही तिच्यामुळेच तुटली. अनोळखी माणसांना बांधून ठेवील असे माप आता हवे होते.

असे माप युरोपात तयार झाले होते. फ्रेंच राज्यक्रांतीच्या काळात तेथील शास्त्रज्ञांनी मीटर व किलोग्रॅम निश्चित केले. कोणा राजाच्या हातापायावरून नव्हे, तर पृथ्वीच्या आकारावरून आणि पाण्याच्या वजनावरून माप ठरवावे, ही त्यामागची कल्पना होती. २० मे १८७५ रोजी पॅरिस येथे अनेक राष्ट्रांनी मीटरचा करार केला. योगायोग असा की, पुण्यात न्यायमूर्ती रानडे यांनी वसंत व्याख्यानमाला सुरू केली तीही त्याच वर्षी. हिंदुस्थानात तर सन १८७१ मध्येच एक कायदा झाला होता व त्यात शेर हा किलोग्रॅमइतका धरला होता. पण तो कायदा कागदावरच राहिला. पुढे सन १९३९ च्या कायद्याने ८० तोळ्यांचा शेर आणि ४० शेरांचा मण ठरला, आणि तो सन १९४२ पासून अमलात आला. हा शेर आजच्या हिशेबाने ९३३ ग्रॅमांचा.

नुसते वजन बरोबर असून भागत नाही. काटा कोणाच्या हातात आहे, हेही पाहावे लागते. वऱ्हाडात कापूस व धान्याच्या बाजारांसाठी सन १८९७ मध्येच कायदा झाला. सन १९२८ मध्ये शेतीविषयक रॉयल कमिशनने नियंत्रित बाजारांची व एकसारख्या वजनांची शिफारस केली. मुंबई इलाख्यात सन १९३९ मध्ये आणि महाराष्ट्रात सन १९६३ मध्ये शेतमालाच्या बाजारांचे कायदे झाले. रुमालाखाली बोटे दाबून भाव ठरविण्याची चाल, कडता, धर्मादायाच्या नावाने होणारी कपात, या सर्वांवर या कायद्यांचा रोख होता. भाव उघड बोलला जावा आणि माल उघड्यावर तोलला जावा, एवढेच त्यांचे मागणे. पेठांतल्या गर्दीतून घाऊक बाजार गुलटेकडीस आला, त्यामागेही मोकळ्या जागेइतकाच हा हेतू होता.

स्वतंत्र भारताने सन १९५६ मध्ये मेट्रिक वजने स्वीकारली. १ एप्रिल १९५७ रोजी रुपयाचे १०० नवे पैसे झाले. १ ऑक्टोबर १९५८ पासून काही भागांत किलो आला, आणि एप्रिल १९६२ पासून देशभर तो सक्तीचा झाला. दुकानादुकानांतून शेराचे किलो आणि आण्याचे नवे पैसे करण्याची कोष्टके लागली. सहा आण्यांचे साडेसदतीस पैसे होतात. हा अर्धा पैसा कोणी सोडावयाचा, यावर वाद झाले. त्याचबरोबर पावकी, निमकी, सवायकी, दिडकी, औटकी ही पाढ्यांची पिढीजात विद्याही हळूहळू मावळली. हे नुकसान आम्ही क्षुल्लक मानीत नाही. परंतु ते पाढे ज्याला येत त्याचाच हिशेब खरा ठरे. दशमान पद्धतीने बेरीज-गुणाकार येणाऱ्या कोणाही मुलाला आपल्या बापाची पट्टी तपासता येऊ लागली.

जुने सारे मात्र नाहीसे झाले नाही. भाजीवाली आजही ‘पावशेर’ म्हणते आणि २५० ग्रॅम तोलते. यार्डात फळभाज्यांचा भाव दहा किलोंवर बोलतात. कोथिंबीर आणि मेथी तर अद्याप जुडीवरच विकली जाते, आणि जुडी केवढी बांधावी हे कोणतेही शास्त्र सांगत नाही! तराजूची जागा इलेक्ट्रॉनिक काट्याने घेतली. त्याच्या पोटात धातूची एक पट्टी भाराने डोळ्यांस न दिसेल इतकी वाकते, त्यामुळे विजेचा रोध बदलतो, आणि त्या बदलाचा आकडा होतो. पूर्वीचे पारडे झुकलेले निदान दिसत तरी होते. या काट्याच्या पोटातले पाहणार कोण? म्हणूनच शासनाच्या वैधमापन शास्त्र विभागाची पडताळणी आणि मोहोर यांना आज पूर्वीपेक्षा अधिक महत्त्व आहे. खुद्द किलोग्रॅमही २० मे २०१९ पासून धातूच्या गोळ्यावर अवलंबून राहिलेला नाही. तो निसर्गातील एका स्थिरांकावरून ठरतो.

येवढे झाले तरी न्याय पुरा झाला काय? काटा वजन सांगतो, भाव सांगत नाही. आवक वाढली की बरोबर तोललेला कांदाही मातीमोल जातो. आणि काट्यावर पोते ठेवणाऱ्या हमालाच्या पाठीचे काय? शंभर किलोचे पोते हे हिशेबास सोयीचे, पाठीस नव्हे. सन १९६७ मध्ये आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने शिफारस केली की, पुरुष कामगारावर ५५ किलोंहून अधिक ओझे असेल तेथे ते कमी करण्याची पावले उचलावीत. महाराष्ट्रात सन १९६९ मध्ये माथाडी कायदा झाला. पुण्यात डॉ. बाबा आढाव आणि हमाल पंचायत यांनी जो लढा दिला, त्याचे सार आमच्या मते हेच की, मालाचे वजन ज्या काळजीने करता, त्याच काळजीने माणसाचे बळही मोजा.

विज्ञानाने आपल्याला खरे माप दिले. ते कोणाच्या बाजूने वापरावयाचे हे मात्र ते सांगत नाही. तो निवाडा समाजाने करावयाचा असतो. यापुढे पिशवी पुढे धरताना आपण काट्याकडे अवश्य पाहावे. आणि एकदा आकडा पाहून झाला की, ते पोते तेथवर कोणी वाहून आणले, तिकडेही नजर टाकावी.