फासा केव्हा टाकावा?

गेल्या बलिप्रतिपदेची गोष्ट. देवळ्याच्या आमच्या घरी फराळाची ताटे आवरली आणि आईने ओसरीवर सारीपाट अंथरला. या प्रतिपदेला द्यूतप्रतिपदा असेही म्हणतात. त्यामुळे वर्षभर घरात पत्त्यांचे नाव काढू न देणारी आमची आई त्या दिवशी मात्र मुठीत कवड्या खुळखुळवीत बसते.

पुण्याहून आलेल्या भाच्याने आपला निराळाच खेळ काढला. पट नाही, सोंगट्या नाहीत. एकाने गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी तिच्यातली माणसे व्हायचे, आणि एखादा बेत साधतो की फसतो असा प्रश्न आला म्हणजे वीस बाजूंचा फासा टाकायचा. अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ १९७४ साली निघाला, त्याच कुळातला हा.

गोष्टीत माझी धाकटी पुतणी एका किल्ल्याच्या तळघराशी आली. किल्ली तिने आधीच मिळवलेली होती. ती म्हणाली, “मी दार उघडते.” भाचा म्हणाला, “टाक फासा.” दान पडले दोनाचे. “नाही उघडत दार.” पुतणीचे तोंड उतरले.

आईने कवड्या खाली ठेवल्या. “अरे, किल्ली तिच्याच हातात आहे ना? मग दैवाला कशाला विचारतोस?”

भाचा वरमला. मला मात्र तो प्रश्न चांगलाच झोंबला. का, ते पुढे सांगतो.

आईचा हा प्रश्न मोठमोठ्या सेनापतींनाही पडलेला आहे. प्रशियाच्या सैन्यातील राइसविट्झ नावाच्या तरुण अधिकाऱ्याने १८२४ साली नकाशावर लढाई खेळण्याचे नियम छापले. कोणत्या माऱ्यात किती माणसे पडली, हे फासे आणि कोष्टके ठरवीत. पुढे १८७६ साली व्हेर्डी नावाच्या सेनाधिकाऱ्याने म्हटले की, खरी लढाई पाहिलेला पंच समोर बसला असताना फासे हवेत कशाला? त्यानेच निकाल द्यावा.

पण यापेक्षा कितीतरी आधी आपल्याकडे या गोष्टीचा खोल विचार झालेला आहे, आणि तो खेळापुरता नव्हे. याज्ञवल्क्यस्मृतीत खटल्याचे पुरावे सांगितले आहेत ते तीन: लेख, भोग म्हणजे वहिवाट, आणि साक्षीदार. यांपैकी एकही नसेल तरच दिव्य. तुळा, अग्नी, पाणी, विष आणि कोश ही ती दिव्ये. तीही भारी आरोपातच करायची. हजार पणांच्या आतल्या दाव्यात तापलेला फाळ, विष किंवा तुळा यांना हात घालायचा नाही. आणखी एक अट तर फारच मार्मिक आहे. आरोपी दिव्यातून सुखरूप पार पडला तर दंड मी सोसीन, असे आरोप करणाऱ्याने आधी कबूल केले पाहिजे. दुसऱ्याला विस्तवात लोटून आपण काठावर उभे राहण्याची सोय नाही.

दिव्याला फासा म्हटलेले श्रद्धावंतांना रुचणार नाही. त्यांच्या लेखी तो देवाचा कौल. पण माणूस आपल्या हातचा निकाल सोडून देतो तो क्षण दोन्हीकडे एकच.

मराठेशाहीत पाटीलकी-कुलकर्णाच्या वतनांचे तंटे पिढ्यान्‌पिढ्या चालत. गोतसभा बसे. देशमुख, देशपांडे, पाटील, बलुतेदार जमत. जुने कागद वाचले जात. आसपासच्या गावचे जाणते म्हातारे शपथेवर सांगत. मग महजर होई आणि त्यावर पाटील आपली नांगराची निशाणी करी. एवढे करूनही पारडे कोणीकडेच झुकेना, तर रवादिव्य. उकळत्या तेलातुपातून धातूचा तुकडा हाताने काढायचा. मग हातावर पिशवी बांधून मोहोर करीत, आणि काही दिवसांनी ती सोडून पाहत. हात पोळलेला निघाला की वतन गेले! वाचताना अंगावर काटा येतो. त्या कढईच्या नुसत्या नावानेच कित्येक तंटे आदल्या रात्री मिटत असतील, असा आपला माझा तर्क.

आणि जिथे उत्तर ठाऊक आहे तिथे? ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. रामशास्त्री प्रभुण्यांनी शोध घेतला. दोष राघोबादादांपर्यंत पोहोचला. सत्ता दादांच्याच हाती. ‘देवाच्या दारी न्याय होऊ द्या’ म्हणून अंग काढून घेणे किती सोपे होते! शास्त्रीबोवांनी कळले ते तोंडावर सांगितले आणि पुणे सोडले. नाशिकजवळ आनंदवल्लीला राघोबादादांचा मुक्काम असे. त्या वाटेने जाताना मला दादांपेक्षा शास्त्रीबोवांचीच आठवण अधिक होते.

चिठ्ठी टाकणे काही वाईट नव्हे. २०१७ साली मुंबई महापालिकेच्या २२० क्रमांकाच्या प्रभागात सुरेंद्र बागलकर आणि अतुल शहा या दोघांना ५,९४६ अशी सारखीच मते पडली. पुन्हा मोजली, तरी बरोबरी सुटेना. तेव्हा चिठ्ठी काढली आणि शहा निवडून आले. आधी मोजणी झाली, चिठ्ठी मागून आली.

मी मात्र मोजलेले असून चिठ्ठी टाकली. काही वर्षांपूर्वी वक्तृत्वस्पर्धेला वर्गातले एकच मूल पाठवायचे होते. शेवटी दोघे उरली. एक गावातल्या वजनदार गृहस्थांचा मुलगा. दुसरी, कांद्याच्या खळ्यावर रोजाने जाणाऱ्या बाईची मुलगी. मुलगी सरस होती. मला ते पहिल्या दोन वाक्यांतच कळले होते. तरी मी म्हणालो, “दोघेही छान बोलता. आपण चिठ्ठ्या टाकू.” चिठ्ठी मुलाची निघाली. पोरांनी टाळ्या वाजवल्या, कोणाचाही रोष आला नाही. मुलगी काही बोलली नाही. फळा पुसण्याची त्या दिवशी तिची पाळी होती. तिने तो पुसला आणि जागेवर जाऊन बसली. दैवाला दोष देऊन ती मोकळी झाली असेल. मला ती सोय नव्हती.

त्या पाडव्याला हे मी कोणाला सांगितले नाही. भाच्याने गोष्ट पुन्हा तळघराच्या दाराशी आणली. पुतणीने किल्ली फिरवली, दार उघडले. आत काळोख, आणि कोणीतरी श्वास घेत होते. ते जागे आहे की झोपलेले, हे गोष्ट सांगणाऱ्यालाही ठाऊक नव्हते.

“आता टाक,” आई म्हणाली, आणि आपला डाव तसाच सोडून पुढे सरकून बसली.